एक मण आठ शेर

डॉक्टर सान्यालांनी शरदिनीच्या नडगीवर अंगठा दाबला, थोडा वेळ तसाच धरला आणि उचलला. खड्डा तिथेच राहिला. मी वाट पाहिली. कणकेच्या गोळ्यावर बोट दाबावं आणि ते तसंच उमटून राहावं, तसा तो खड्डा माझ्या बायकोच्या पायावर राहिला, आणि डॉक्टर माझ्याकडे न बघता पलीकडच्या पायाकडे वळले. तिथेही दुसरा खड्डा झाला. मला वाटलं, एवढं काय त्यात, अंगावर मांस चढलं की असंच होत असेल. खरंच असं वाटलं. आता लिहायला लाज वाटते. मी म्हणालोसुद्धा, "डॉक्टरबाबू, अब इनका वजन बिलकुल ठीक है. एक मन आठ सेर. कल ही तौला है." सान्यालांनी चश्मा काढला. म्हातारे बंगाली गृहस्थ, चाळीस वर्षं काशीत काढलेले, रागावले की फार हळू बोलतात. "मास्टरजी," ते म्हणाले, "यह मांस नहीं है. पानी है." मग त्यांनी तिला लघवीबद्दल विचारलं, तशी ती भिंतीकडे बघायला लागली, आणि दारात उभ्या असलेल्या अन्नपूर्णावहिनीनं तिच्या वतीनं उत्तर दिलं. रात्री छाती धडधडते का? वहिनीच म्हणाली, हो. उताणं झोपवत नाही? नाही, भिंतीला टेकून बसते. या सगळ्यातलं मला काहीच ठाऊक नव्हतं. मी तिच्या शेजारी झोपणारा माणूस. मला विचारलं असतं तर मी तिची उंची पाव इंचापर्यंत आणि वजन पावशेरापर्यंत सांगितलं असतं.

शेवटी डॉक्टरांनी स्वयंपाकात कुठलं तेल वापरता ते विचारलं. मी तेलाचा डबा आणून दाखवला. त्यांनी हुंगला, तळहातावर दोन थेंब घेऊन उजेडात धरले, एका शिशीत थोडं नमुन्याला घेतलं आणि म्हणाले, मोहरीत सत्यानाशीचं बी दळलेलं दिसतंय. या पावसाळ्यात अशी सहा घरं पाहिली. सत्यानाशी म्हणजे आपला पिवळा धोत्रा, गंगेपलीकडच्या वाळवंटावर उन्हाळ्यात फुलतो तो. "आप भी यही तेल खाते हैं?" मी नाही म्हणालो. मला मोहरीच्या या कडू तेलाचा वास सोसत नाही, माझं जेवण तिळाच्या तेलात वेगळं होतं. ते तेल एकट्या शरदिनीसाठी होतं. मीच आणलं होतं. वर रोज एक छटाक पोटात गेलंच पाहिजे असा हुकूमही माझाच. डॉक्टर नुसतं "अच्छा" म्हणाले. हृदयावर ताण आलाय, अंथरुणातून उठवायचं नाही, मीठ बंद, दूध द्या, आणि हे तेल फेकून द्या, गाईगुरांच्याही तोंडी लागू देऊ नका. वाचेल ना, असं विचारायला मी जिना उतरून त्यांच्या मागे गेलो. ते म्हणाले, तीन आठवडे जाऊ द्या, मग विचारा.

तो डबा घेऊन मी बाहेर पडलो आणि सवयीनं ब्रह्माघाटाच्या पायऱ्या उतरलो. श्रावणातली गंगा वरपर्यंत चढली होती, खालच्या साठ-सत्तर पायऱ्या पाण्यात. डबा तिरका केला आणि हात थांबला. गंगेत विष कसं ओतायचं? मी काही फार धार्मिक माणूस नाही. दादा, म्हणजे माझा थोरला भाऊ दत्तात्रेय, दशाश्वमेधावर देशाकडच्या यात्रेकरूंचे विधी चालवतो आणि मी हायस्कुलात गणित शिकवतो, घरातला धर्म त्याच्या वाट्याला आणि हिशेबीपणा माझ्या. तरी हात थांबला. मग वाटलं, पुरून टाकावं. पण आमच्या या दगडी मोहल्ल्यात पुरायला मूठभर माती सापडेल तर शपथ. गल्ली फरसबंदी, अंगण फरसबंदी, घाट दगडाचा. जिथे थोडी माती आहे तिथे पिंपळ आहे आणि पिंपळाखाली देव आहे. मी पायरीवर बसलो, डबा दोन पायांत धरून. बाजूला कुणी संध्या करत होतं. मला त्या क्षणी डोळ्यांपुढे आपली वही दिसत होती, आणि वहीतले आकडे.

वहीची सुरुवात पौषातली. त्याआधी कार्तिकात तिला विषमज्वर झाला, बेचाळीस दिवस. केस गेले, गालफडं बसली, बांगड्या कोपरापर्यंत वर सरकायच्या. मरणातून उठली म्हणून सगळ्यांनी देवाचे आभार मानले, पण माझ्या मनातली भीती काही केल्या जाईना. ती समोरून चालत आली की मला तिची हाडंच आधी दिसत. मी तिच्याकडे बघायचं टाळायला लागलो, हे आज कबूल करतो. भीती वाटत असली की माणूस एक तर देवाकडे जातो नाही तर पुस्तकाकडे. मी पुस्तकाकडे गेलो. शाळेच्या ग्रंथालयात संख्याशास्त्रावरचं एक जाडजूड विलायती पुस्तक होतं, वर्षानुवर्षं कुणी हात न लावलेलं. त्यात शंभर वर्षांपूर्वीच्या एका बेल्जियन गणित्याचा नियम सापडला. माणसाचं वजन किलोमध्ये घ्यायचं, उंची मीटरमध्ये घ्यायची, उंचीला उंचीनं गुणायचं आणि त्यानं वजनाला भागायचं. बस्स. उंच माणूस जड असणारच, म्हणून नुसत्या वजनाला अर्थ नाही. पण उंचीच्या वर्गानं भागलं की उंच आणि बुटका एका पंगतीत बसतात. मला तो नियम इतका देखणा वाटला की मी ग्रंथालयातच उभ्या उभ्या दोनदा वाचला. माणूस चारी बाजूंनी सारखा वाढला असता तर घन घ्यावा लागला असता. पण माणूस उंचीला वाढतो तितका रुंदीला वाढत नाही, म्हणून वर्ग. त्या रात्री बऱ्याच दिवसांनी मला शांत झोप लागली. भीतीला एक आकडा मिळाला होता.

तिला दाराच्या चौकटीशी उभं करून पेन्सिलीनं खूण केली. चार फूट अकरा इंच. वजनाला अडचण नव्हती, उलट वजनाच्या बाबतीत आमच्या घराइतकी सोय साऱ्या काशीत नसेल. तळमजल्याच्या खोलीत दादाचा तुळादानाचा काटा टांगलेला असतो, आडवी शिसवी दांडी आणि साखळ्यांना दोन मोठी पारडी. पुण्याचे, नगरचे यजमान येतात, पोरगं दुखण्यातून उठलं म्हणून, नाही तर साठी झाली म्हणून एका पारड्यात बसतात, दुसऱ्यात तांदूळ, गूळ, तूप चढतं, आणि ते दान होतं. दादाच्या मते माणसाचं वजन देवाला सांगायचं असतं. मी म्हटलं, मला बेल्जियन गणित्याला सांगायचंय. शरदिनी पहिल्यांदा पारड्यात बसली तेव्हा साखळी घट्ट धरून बसली होती. "अहो, हलतंय की हे," म्हणाली. दुसऱ्या पारड्यात मी वजनं घातली: साडेसदतीस शेर. शेरांचे किलो केले, इंचांचे मीटर केले, भागाकार केला. साडेपंधरा.

पुस्तकात एका परदेशी फौजेच्या शिपायांचा तक्ता होता, बहुतेक वीस ते चोवीसच्या मधले. मी वीस धरले. बाईमाणूस म्हणून तेवढी सवलत दिली. वीस म्हणजे अठ्ठेचाळीस शेर, एक मण आठ शेर. तक्त्याच्या खाली लहान टायपात एक वाक्य होतं: हा नियम समुदायाच्या मोजणीसाठी आहे, एकेका माणसावर निकाल देण्यासाठी नाही. ते मी वाचलं होतं. न वाचता चुकलो असतो तर बरं झालं असतं. वर्गात मीच मुलांना सांगतो की सरासरी मुलगा कुठल्याच बाकावर बसलेला नसतो. आणि घरी मात्र जिला भात-वरण आणि लिंबाचं लोणचं आवडतं अशा पाच फुटांच्या आतल्या बाईला मी पलटणीतला शिपाई करायला निघालो होतो. उंटावरचा शहाणा, दुसरं काय. गंमत म्हणजे नियमाचं वैगुण्य मला दिसलंही होतं. हौसेनं मी दादाचा आकडा काढला, एकतीस निघाला. दोन वेळा लाडू आणि दुपारी झोप, पोट धोतरावर ओघळलेलं. मग घाटावरच्या आखाड्यातल्या एका पहिलवानाला तोलला. तोही एकतीस! दोघांना शेजारी उभं केलं तर लहान पोरानंही फरक सांगितला असता. मी हसलो, वहीत "कुतूहलाची गोष्ट" असं लिहिलं आणि पान उलटलं. आकड्याला आत काय आहे ते कळत नाही, लोणी की लोखंड. तो फक्त किती आहे ते सांगतो. हे माझ्याच अक्षरात, माझ्याच वहीत आहे.

वजनासाठी मी सोमवार नेमला. सोमवारी तिचा उपास, सकाळी पोटात पाण्याशिवाय काही नसायचं, म्हणजे आकडा शुद्ध. याचाही मला अभिमान होता. दर सोमवारी शाळेला जाण्याआधी ती खाली यायची, पदर सावरून पारड्यात बसायची, मी वजनं चढवायचो. माघ गेला, फाल्गुनात अडतीस झाले, चैत्रभर अडतीसच. मी चिडायचो. तिच्यावर नाही, असं मी म्हणायचो. पण घरात दुसरं होतं कोण? "दूध पूर्ण प्यालीस का? तूप टाकलंस ना भातावर?" वहिनी एकदा म्हणाली, "भाऊजी, पी हळद नि हो गोरी असं कुठं असतं का? जरा दम खा. तिच्या दिमागाला पण थोडा आराम द्या." पारड्यातून उतरताना शरदिनीनं एवढंच विचारलं, "वाढलं का?" आणि माझं तोंड बघून उत्तर ओळखलं.

वैशाखात मी तेल आणलं. ती इथलीच, दुर्गाघाटावर जन्मलेली. लहानपणापासून शेजारणींच्या घरी कच्चं कडू तेल घातलेला बटाट्याचा चोखा खाऊन वाढलेली. माझ्या घरी आल्यावर माझ्या नाकासाठी तिनं ते सोडलं होतं, दहा वर्षं. मी डबा पुढे ठेवला तेव्हा ती इतकी खूश झाली! "खरंच आणलंत? तुम्हाला चालेल?" मी म्हटलं, चालेल काय, रोज एक छटाक खायचं. त्या दिवशी तिनं चोखा केला, हिरवी मिरची, कांदा, वरून तेलाची धार, आणि बोटं चाटून खाल्लं. मी लांब बसून नाकाला उपरणं लावून बघत होतो आणि दोघं हसत होतो. आमच्या संसारातला तो फार चांगला दिवस होता. तोच दिवस आता मला आठवायला नको वाटतो.

ज्येष्ठ संपता संपता काटा हलला. एक्केचाळीस. आषाढात साडेचव्वेचाळीस. तिचं जेवण कमी झालं होतं, चोखासुद्धा अर्धा टाकायची, म्हणायची, जी नाही करत, खावंसंच वाटत नाही. गणिताच्या मास्तरानं इथे थांबायला हवं होतं. खाणं कमी आणि वजन जास्त, हे समीकरण कुठल्या वर्गात सुटतं? पण मला उत्तर आधीच आवडलेलं होतं. दादा म्हणाला, "वेणू, आंधळा मागतो एक डोळा, देव देतो दोन. तुझा बेल्जियम राहू दे बाजूला, एक मण आठ शेर झाले की मी तिची गुळाची तुळा करणार, श्रावणी सोमवारी." त्याच सुमारास एकदा वहिनीनं तिच्या पायांकडे बघून विचारलं, "जोडवी कुठं गं तुझी?" सवाष्ण बाई जोडव्यांवाचून फिरते म्हणजे केवढी गोष्ट. शरदिनी म्हणाली, "घट्ट झाली. साबण लावून काढली, देवाजवळ ठेवलीत." मी आतल्या खोलीत दाढी करत होतो. घट्ट झाली, हे शब्द मी ऐकले आणि आरशात स्वतःलाच हसलो. बोटांवरसुद्धा मांस चढलं म्हणायचं! संध्याकाळी मी सोनाराकडे जाऊन मोठ्या मापाची जोडवी सांगून आलो.

काल तुळा झाली. गल्लीतल्या बायका जमल्या, दादानं संकल्प सांगितला, तिला हिरवं लुगडं नेसवलं होतं. गुळाच्या ढेपा एकेक करून चढल्या, शेवटी दादानं सुरीनं एक तुकडा कापून ठेवला आणि दांडी सरळ झाली. बायकांनी "हर हर महादेव" म्हटलं. मी मात्र ओठांतल्या ओठांत भागाकार करत होतो. वीस. मी वर पाहिलं. तिचा चेहरा भरलेला, गोरा, चकचकीत दिसत होता, पौर्णिमेच्या चंद्रासारखा, असं कुणीतरी म्हणालंसुद्धा. ती माझ्याकडे बघून हसली. मग उतरायला गेली आणि तिला उतरता येईना. वहिनीनं आणि आणखी एकीनं धरून उतरवलं. जिन्याच्या चौथ्या पायरीवर ती बसली आणि तोंड उघडून श्वास घ्यायला लागली, आणि खाली प्रत्येकाच्या हातात तिच्या वजनाचा गूळ होता. गल्लीभर लोक तो गूळ खात होते. मी म्हटलं, दमली असेल, उपास आहे. रात्रभर ती भिंतीला टेकून बसून राहिली, हे मला आज वहिनीकडून कळलं, आणि दुपारी डॉक्टरांना बोलावलं ते मी नव्हे, दादानं.

घाटावर बसून बसून पाय बधिर झाले तेव्हा उठलो. गल्लीच्या तोंडाशी भडभुंज्याची भट्टी आहे, तिच्यामागे राखेचा मोठा ढीग असतो. त्याला विचारलं. तो म्हणाला, "डाल दीजिए गुरुजी, राख का क्या." मी तेल राखेत ओतलं, काठीनं कालवलं, वरून आणखी राख लोटली, डबा दगडानं ठेचून चपटा केला. छान पिवळंधमक तेल होतं. त्या वासानं आयुष्यात पहिल्यांदा मला नाक धरावंसं वाटलं नाही. तिथे उभा राहून मी ठरवलं की घरी गेल्यावर तिची क्षमा मागायची, आणि घर येईपर्यंत मनात चार वाक्यं जुळवली, खोडली, परत जुळवली. त्यातल्या प्रत्येकात कुठेतरी "मला माहीत नव्हतं" असं येत होतं, आणि ते खरं असूनही खोटं वाटत होतं. माहीत करून घेण्याचीच तर मी सगळी व्यवस्था केली होती, दर सोमवारी, उपाशीपोटी, पावशेरापर्यंत. दिव्याखाली अंधार म्हणतात तो असा.

दिवेलागण झाली होती. वहिनी दुधाचा पेला ठेवून खाली गेली. शरदिनी तीन उशांना टेकून बसली होती, डोळ्यांखालची कातडी फुगून डोळे बारीक झालेले. मी तिच्याकडे नीट पाहिलं, आणि काल जे भरलेलं दिसलं होतं ते आज सुजलेलं दिसत होतं. चेहरा तोच. चोवीस तासांत बदललं असेल तर माझंच काहीतरी बदललं होतं. मी जवळ बसलो. जुळवलेली चारही वाक्यं गेली, आणि तोंडातून भलतंच आलं. "कधीपासून होतंय असं?"

"ज्येष्ठापासून," ती म्हणाली. "आधी संध्याकाळी पाय जड व्हायचे. मग सकाळी पण. मला वाटलं, ही काही बरी सूजन नाही. आमच्या मोहल्ल्यात एका काकूंना असंच झालं होतं." एवढं बोलून ती थांबली, श्वास घेतला. "त्या गेल्या."

"तुला ठाऊक होतं? मग बोलली का नाहीस? एक शब्द तरी..." माझा आवाज चढला. चढायला नको होता.

माझ्याकडे न बघता, पांघरुणाचा काठ चिमटीत धरून ती म्हणाली, "सोमवारी वहीत लिहिताना तुम्ही हसायचात. दुखण्यातून उठल्यापासून माझ्याकडे बघून तुम्ही कधी हसला नव्हतात. बघायचातच नाही. मला वाटायचं, ह्यांना आता मी नकोशी झाले. मग ते वजन वाढायला लागलं, आणि तुम्ही असे... पहिल्यासारखे. मी म्हटलं, राहू दे अजून एक सोमवार. पुढच्या सोमवारी सांगू. मग परत तेच."

सहा सोमवार झाले असतील, आठ झाले असतील. मोजायची बुद्धी मला झाली नाही. एवढंच कळलं की तिच्या अंगात पाणी चढत होतं आणि ती ते माझ्यासाठी चढू देत होती. मी तिचा हात हातात घेतला. मनगट गार आणि ताणलेलं होतं, माझ्या बोटांच्या खुणा त्यावर उमटल्या, म्हणून सोडून दिला, तर तिनंच परत धरला.

"डॉक्टर काय म्हणाले जाताना?" तिनं विचारलं.

"दूध घे म्हणाले. आराम कर."

"वजनाचं?"

खोटं बोलावंसं वाटलं, पण बोललो नाही. "आठवड्यानं करायचं म्हणाले. पाणी उतरतंय का ते त्यावरून कळेल. पारड्यापर्यंत तुला उचलून नेऊ, दादा नि मी."

"म्हणजे आता कमी व्हायला हवं."

"हो."

"खूप कमी होईल. आधीच्यापेक्षा पण कमी होईल कदाचित." ती विचार करत होती, एखादी बाई पाहुण्यांसाठी किती तांदूळ घ्यावेत याचा विचार करते तसा. मग तिनं ते बारीक झालेले डोळे माझ्याकडे वळवले. "मग आता कमी झालं की हसाल ना? नाही तर मला समजायचं नाही, बरं चाललंय की वाईट."

हसेन, मी म्हणालो. म्हणताना मला हसू आलं नाही. ती मात्र माझा चेहरा बघून हसली, आणि तेवढ्यानंच तिला धाप लागली.